पादुआचे संत अंतोनी : ज्यांच्या प्रवचनांनी शहराचा कायदा बदलला

सुपारीबाग (धागाकर्ती)

संत अंतोनी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी आठवते ती हरवलेली वस्तू. किल्ली सापडेना, अंगठी सापडेना, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणणार, "अंतोनीला साकडं घाल." वसईत, मुंबईत, गोव्यात ख्रिस्ती नसलेल्या शेजारघरांतही हे ऐकू येतं. या भक्तीबद्दल माझी काही तक्रार नाही, ती माझ्याही घरात आहे. पण या माणसाने उण्यापुऱ्या छत्तीस वर्षांच्या आयुष्यात जे केलं, ते आपल्याला इतकं कमी माहीत असावं याची मला खंत वाटते. त्यांचा १३ जूनचा सण जवळ आलाय, म्हणून हा धागा.

मूळ नाव फर्नांदु. जन्म ११९५ च्या सुमाराचा, लिस्बनमधला, कॅथेड्रलच्या शेजारच्या खात्यापित्या घरातला. अगदी तरुणपणी ते ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. आधी लिस्बनच्याच वेशीबाहेर होते, पण तिथे मित्र-नातलगांची ये-जा थांबेना, म्हणून स्वतः विनंती करून कोइंब्राच्या सांता क्रूझ मठात गेले. कोइंब्रा तेव्हा पोर्तुगालच्या राजाचं शहर आणि सांता क्रूझ हे विद्येचं मोठं ठिकाण. पुढच्या त्यांच्या लिखाणात ओळीओळीला बायबलची वचनं येतात, ती सगळी इथली कमाई. सगळं सुरळीत चाललं असतं तर एक विद्वान मठवासी म्हणून आयुष्य गेलं असतं.

१२२० साली मोरोक्कोत मराकेशला पाच फ्रान्सिस्कन बंधूंना ठार मारण्यात आलं. असिसीच्या संत फ्रान्सिसचा हा संघ तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता. फाटक्या अंगरख्याची, कमरेला दोरी बांधलेली ही माणसं कोइंब्राबाहेर ओलिव्हाइसला एका लहानशा आश्रमात राहत आणि सांता क्रूझच्या दारात भिक्षेला येत. त्या पाच जणांच्या अस्थी कोइंब्रात आणून याच सांता क्रूझमध्ये ठेवल्या गेल्या. फर्नांदुंनी त्या पाहिल्या आणि भिक्षेला आलेल्या बंधूंपुढे अट ठेवली: मला मोरोक्कोला पाठवणार असाल तर मी तुमच्यात येतो. ते फ्रान्सिस्कन झाले आणि इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या तपस्व्याचं अंतोनी हे नाव त्यांनी घेतलं. ओलिव्हाइसचा आश्रम त्याच तपस्व्याच्या नावाचा होता.

हुतात्मा व्हायला निघालेला हा माणूस मोरोक्कोत पोचताच आजारी पडला. सगळा हिवाळा अंथरुणात गेला. परतीच्या प्रवासात वादळाने जहाज भरकटून सिसिलीला लागलं. तिथून ते १२२१ च्या पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला, असिसीत भरलेल्या संघाच्या मोठ्या मेळाव्याला गेले. मेळावा संपला, प्रत्येक प्रांताचे प्रमुख आपापली माणसं घेऊन निघाले. या परक्या, अशक्त पोर्तुगीज बंधूला कोणीच मागितलं नाही. शेवटी रोमान्या प्रांताचे प्रमुख ग्रात्सियानो त्यांना घेऊन गेले, कारण मोन्तेपाओलोच्या डोंगरातल्या आश्रमात मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करायला धर्मगुरू हवा होता. तिथे एका गुहेत प्रार्थना, पाव आणि पाणी, आणि स्वयंपाकघरातली भांडी घासणं हा दिनक्रम. आपण काय शिकलोय याबद्दल त्यांनी कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

मग फोर्लीचा प्रसंग. १२२२ साली तिथे धर्मगुरूंचा दीक्षाविधी होता. फ्रान्सिस्कन होते, डॉमिनिकनही होते. डॉमिनिकन म्हणजे प्रवचनकारांचाच संघ, त्यामुळे उपदेश त्यांच्यापैकी कुणीतरी करावा असं ठरलं. प्रत्येकाने हात वर केले, तयारी नाही म्हणून. वरिष्ठांनी मग अंतोनींना सांगितलं, पवित्र आत्मा सुचवील ते बोल. त्यांचं सर्वांत जुनं चरित्र १२३२ च्या सुमारास एका निनावी बंधूने लिहिलं. तो सांगतो, की या माणसाला ग्रंथांपेक्षा भांडी घासण्यातलंच अधिक कळतं असा सगळ्यांचा समज होता. अंतोनी आधी साधेपणाने बोलू लागले आणि हळूहळू सभा स्तब्ध झाली. त्या दिवसानंतर ते कधी गुहेत परतले नाहीत.

फ्रान्सिसने त्यांना पाठवलेलं पत्र दोन-तीन ओळींचं आहे. अंतोनी बिशप नव्हते, तरी आदराने 'माझे बिशप बंधू अंतोनी' असं संबोधून तो लिहितो, की तुम्ही बंधूंना धर्मशास्त्र शिकवा, मला आनंदच आहे. फक्त त्या अभ्यासात प्रार्थनेची वृत्ती विझू देऊ नका. विद्येबद्दल साशंक असलेल्या फ्रान्सिसने ही परवानगी द्यावी, हीच अंतोनींवरच्या विश्वासाची मोठी खूण. मग बोलोन्यात अध्यापन, दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ, माँपेलिए, लिमोज, नंतर १२२७ ते १२३० उत्तर इटलीच्या प्रांताची जबाबदारी.

मला खरं सांगायचंय ते उत्तर इटलीतल्या पादुआ शहराबद्दल, १२३१ सालच्या. त्या वर्षी प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, त्यांनी रोज प्रवचन करायचं ठरवलं. रोजच्या प्रवचनांची अशी मालिका तोवर फारशी कुणी केली नव्हती. चर्च अपुरी पडू लागली, तेव्हा लोक शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात जमू लागले. जुना चरित्रकार तीस हजारांचा आकडा देतो. तो भक्तीने फुगवलेला असेल, पण त्याने दिलेले तपशील पाहा: माणसं मध्यरात्रीच कंदील घेऊन जागा धरायला निघत, प्रवचन संपेपर्यंत दुकानदार दुकान उघडत नसत, बायका कात्री घेऊन येत, अंगरख्याचा तुकडा कापून न्यायला, म्हणून धडधाकट तरुणांचं कडं करून त्यांना न्यावं लागे. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू पुरेनात. आणि हे सगळं करणारा माणूस जलोदराने त्रस्त, स्थूल शरीराचा, धाप लागणारा होता. दिवस मावळेपर्यंत पोटात काही न घालता लोकांचं ऐकत बसे.

बोलत काय होते? सावकारीबद्दल. पादुआ हे व्यापाराचं, पैशाचं शहर होतं. चक्रवाढ व्याजाने कर्ज देणारे इथले प्रतिष्ठित नागरिक होते, आणि ज्याला फेडता येत नाही त्याला सरळ तुरुंगात टाकत. आत बसलेला माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा, याची फिकीर कायद्याला नव्हती. अंतोनी रोज या विषयावर आले. लोकांनी व्याजाचे पैसे परत केले, वैरी समोरासमोर येऊन समेट झाले, असं चरित्रकार नोंदवतो. याला कुणी भाविकाची अतिशयोक्ती म्हणेल. पण मार्च १२३१ मध्ये पादुआच्या नगरसभेने केलेला ठराव शहराच्या कायदेसंग्रहात आहे, तो कुणा भाविकाने लिहिलेला नाही. व्हेनिसचे स्तेफानो बादोएर तेव्हा नगरप्रमुख होते. ठराव सांगतो: बंधू अंतोनींच्या विनंतीवरून, इथून पुढे ज्या कर्जदाराने किंवा जामीनदाराने आपली मालमत्ता सोडून दिली, त्याला पैशाच्या कर्जापायी तुरुंगात डांबता येणार नाही.

कायद्याच्या मजकुरात कुठल्याही पदावर नसलेल्या एका भिक्षेकरी साधूचं नाव आहे, तो साधू जिवंत असताना. मला या एका गोष्टीपुढे सगळे चमत्कार कमी वाटतात.

ईस्टरनंतर ते पुरते थकले. काम्पोसाम्पिएरोला एका उमरावाच्या जमिनीवर अक्रोडाच्या मोठ्या झाडाच्या फांद्यांत त्यांच्यासाठी खोली बांधून दिली होती, तिथे राहिले. १३ जूनला जेवायला बसले असताना कोसळले. बैलगाडीतून पादुआकडे नेताना वाटेत आर्चेल्लाला प्राण गेला. बंधूंना बातमी गुप्त ठेवायची होती, गर्दी उसळेल म्हणून. पण पोरं रस्त्यारस्त्यांतून ओरडत सुटली, "संतबाबा गेले!" पोपने त्यांना संतपद दिलं ३० मे १२३२ ला, वर्षही उलटायच्या आत.

तुम्हाला कुणाला याबद्दल आणखी माहिती असेल, विशेषतः गोव्याकडच्या परंपरांची, तर जरूर लिहा.

---

ओवीप्रेमी

सुपारीबाग, फार सुंदर लिहिलंत. कर्जदारांच्या ठरावाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं.

मराठीशी असलेला एक थेट धागा जोडतो. संत अंतोनींचं चरित्र आपल्या भाषेत सतराव्या शतकातच आलेलं आहे. अंतोनियु द साल्दान्य या जेसुइट पाद्रीने रचलेली 'पाद्वा म्हळल्या शारांतुल्या सांतु आंतोनिची जीवित्वकथा' गोव्यात १६५५ साली छापली गेली. त्यात मराठी पद्य आहे आणि कोकणी गद्यही. लिपी रोमन, कारण त्या काळी गोव्यातल्या छापखान्यांत देवनागरी खिळे नव्हते. फादर स्टीफन्सच्या मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराणाने १६१६ मध्ये जी वाट पाडली, तिच्यावरचंच हे पाऊल. पुढे अ. का. प्रियोळकरांनी या ग्रंथावर काम केलं आणि तो पुन्हा उजेडात आला.

मला यातलं विशेष असं वाटतं, की लिहिणारा जेसुइट आणि चरित्र फ्रान्सिस्कन संताचं. गोव्यात या दोन संघांचं फारसं सख्य नव्हतं. बार्देस फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेसुइटांकडे, अशी वाटणीच होती. तरी साल्दान्यने लेखणी उचलली ती अंतोनींसाठी. पोर्तुगीज माणसाच्या मनात हा संत कुठल्या एका संघाचा नव्हताच, तो घरचा होता. १६५५ मध्ये मराठी ओवी ऐकणाऱ्या श्रोत्यांपर्यंत पादुआ, लिस्बन ही नावं पोचली होती, याचं आपल्याला भान असायला हवं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्तपुराणावर पानं खर्च होतात, या चरित्राला एखादी ओळ मिळते. ते बदलायला हवं.

---

बार्देसची सांज

गोव्याचं विचारलंत म्हणून.

शिवोलीचं चर्च सांत आंतोनचं. तिथल्या मूर्तीच्या हातातल्या दोरीला साप बांधलेला आहे. कथा अशी: चर्च बांधायला घेतलं तर जागेवर मोठा नाग निघून कामकऱ्यांना पळवून लावायचा. शेवटी सांत आंतोनची मूर्ती तिथे ठेवली आणि सकाळी पाहतात तो नाग मूर्तीच्या कमरदोरीत अडकलेला. ही गोष्ट शिवोलीतलं प्रत्येक पोर सांगेल. लिस्बन-पादुआच्या कुठल्याही चरित्रात ती नाही, ती पूर्ण आमची.

जुन्या गोव्यात पवित्र टेकडीवर, सांत आगुस्तीनच्या पडक्या मनोऱ्याजवळ, सांत आंतोनचं कपेल, म्हणजे लहान चर्च, आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या मूर्तीला सैन्यात कॅप्टनचा हुद्दा होता आणि पगारही. दरवर्षी मूर्ती वाजतगाजत खजिन्यात न्यायची आणि वेतन घेऊन यायचं, अशी प्रथा होती. पोर्तुगालमध्ये १६६८ साली लागुशच्या पलटणीत संत अंतोनींची शिपाई म्हणून भरती झाली, नंतर बढतीही मिळाली. त्याचीच ही गोव्याकडची शाखा.

सुपारीबाग, तुमचा लेख वाचल्यावर मात्र मला या कॅप्टनपदाचं वाईट वाटायला लागलंय. बेड्या तोडायला धडपडणाऱ्या माणसाला राज्यकर्त्यांनी आपल्या फौजेत उभं केलं.

---

जुनापेठकर

लेख आवडला, पण एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नये. अंतोनींना 'पाखंड्यांवरचा हातोडा' असंही म्हणतात ना? ते दक्षिण फ्रान्सला गेले तेव्हा तिथे कॅथर पंथीयांविरुद्ध, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध, धर्मयुद्ध चालू होतं. १२०९ मध्ये बेझिए शहरात झालेली कत्तल कुप्रसिद्ध आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आपण विसरू शकत नाही. मग ज्या संतांचा उपयोग धर्मांतरासाठी झाला, त्यांच्याकडे फक्त करुणेच्या चष्म्यातून बघायचं का?

---

सुपारीबाग

जुनापेठकर, राग कसला. हे विचारायलाच हवं.

अंतोनी साधारण १२२४ ते १२२७ या काळात फ्रान्समध्ये होते. धर्मयुद्ध १२०९ ला सुरू झालं आणि १२२९ ला संपलं, म्हणजे ते त्या धगीतच वावरत होते. कॅथर लोकांची शिकवण चुकीची आहे यावर त्यांची पक्की श्रद्धा होती आणि त्यांना ख्रिस्तसभेत परत आणणं हेच ते आपलं काम समजत. यात मी काही लपवणार नाही. पण त्यांचं हत्यार शब्द होतं. जुन्या चरित्रात रिमिनीचा एक बोनोनिलो नावाचा माणूस येतो, तीस वर्षं पाखंडी मानला गेलेला. तो परत आला तो प्रवचनं ऐकून. अंतोनींनी कुणाला जाळा-मारा म्हटल्याची नोंद नाही. पोपच्या इन्क्विझिशनची घडी बसू लागली ती १२३१ नंतर, म्हणजे त्यांच्या मरणाच्या सुमारास. 'हातोडा' ही पदवीही नंतरच्यांनी दिलेली.

आणि त्यांचे सर्वांत कडक शब्द पाखंड्यांसाठी नाहीतच. त्यांची रविवारची आणि सणांची प्रवचनं लॅटिनमध्ये लिहिलेली आहेत. ती लोकांसमोरच्या भाषणांची नोंद नव्हे. दुसऱ्या प्रवचनकारांसाठी तयार केलेली सामग्री आहे. त्यात सगळ्यात जास्त मार खातात ते ऐषारामी बिशप, लोभी धर्मगुरू आणि व्याजखोर. परंपरा सांगते, की फ्रान्समध्ये बूर्जच्या धर्मसभेत त्यांनी भर प्रवचनात आर्चबिशपकडे वळून "आता तुझ्याशी बोलतोय, मुकुटवाल्या!" असं सुनावलं. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्याशी ते असे बोलत, याला माझ्या लेखी फार मोल आहे. आणखी एक: त्या काळच्या पादुआतले सावकार ख्रिस्तीच होते, त्यांच्याच मिस्सेला येणारे. परक्यांवर तोंडसुख घेणं सोपं असतं. अंतोनी समोर बसलेल्यांना बोलत होते.

---

बार्देसची सांज

जुनापेठकरांच्या प्रश्नाचा गोव्याबाबतचा भाग मी घेते, कारण तो आमच्या अंगणातला आहे.

बार्देसमध्ये सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन आले आणि देवळं पाडली गेली, हे खरं आहे. १५६० पासून इन्क्विझिशन होतं, तेही खरं. इतकंच नाही, ओवीप्रेमींनी सांगितलेल्या १६५५ च्या पुस्तकानंतर तीसच वर्षांत काय झालं बघा. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरने फर्मान काढलं, की लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावं. त्यामागे बार्देसच्या फ्रान्सिस्कनांचा आग्रह होता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आमची भाषा नीट येत नव्हती. संत अंतोनींची गोष्ट लोकांना लोकांच्याच भाषेत सांगणारा ग्रंथ एका बाजूला, आणि त्यांच्याच संघाच्या माणसांनी ती भाषा दडपायला घेतलेला पुढाकार दुसऱ्या बाजूला. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. एकीने दुसरी पुसली जात नाही.

पण १२३१ मध्ये मेलेल्या माणसाला १५६० चा जाब विचारणं मला पटत नाही. जाब त्याचं नाव वापरणाऱ्यांना विचारावा. आणि शिवोलीच्या बायकांनी नागाची गोष्ट रचून हा परदेशी संत आपल्या मातीत ओढून घेतला, तो हक्क त्यांचा आहे. त्यावर ना व्हाइसरॉयची सही आहे ना पाद्रीची.

---

जुनापेठकर

दोघींचेही आभार. उत्तर टाळलं नाहीत, हे फार आवडलं. सावकार त्यांच्याच मिस्सेला येत होते हा मुद्दा डोक्यात राहील.

---

तेजोकिनारी

लिस्बनमधून लिहितेय. इथे कुणी 'पादुआचे संत अंतोनी' म्हटलं की लोक लगेच दुरुस्त करतात: लिस्बनचे! कॅथेड्रलला लागूनच त्यांच्या जन्मस्थानावर लहानसं चर्च आहे. १७५५ च्या भूकंपात जुनं पडलं, मग हे बांधलं. खाली तळघरात उतरलं की जन्माची जागा दाखवतात. १३ जूनला शहराला सुट्टी असते. आदल्या रात्री आल्फामाच्या गल्ल्यांतून कोळशावर भाजलेल्या सार्डिनचा धूर, रंगीत कागदाच्या झुरमुळ्या, आणि तुळशीच्या जातीचं एक बारीक पानांचं रोप कुंडीत लावून त्यावर कागदी फूल आणि चार ओळींचं प्रेमाचं कवन खोचून देतात. लग्न जुळवणारा संत म्हणून त्यांची इथे ख्याती आहे. नगरपालिकेतर्फे आदल्या दिवशी, १२ जूनला, सामुदायिक लग्नंही लागतात.

जुनापेठकरांच्या प्रश्नाशी जुळणारी एक गोष्ट सांगते. अंतोनींचं नाव घेऊन सत्तेला सुनावणारेही झालेत. ब्राझीलच्या मारान्याउं प्रांतात आंतोनियु व्हिएइरा या जेसुइटाने १६५४ च्या १३ जूनला 'माशांना उपदेश' केला. अंतोनींनी माशांपुढे प्रवचन केल्याची दंतकथा घेऊन तो म्हणतो, तुम्ही एकमेकांना खाता, त्यातही मोठे लहानांना खातात. समोर बसलेल्या वसाहतवाल्यांना कळत होतं, हे मासे म्हणजे आपण, आणि लहान मासे म्हणजे गुलाम केलेले तिथले आदिवासी. पुढच्याच काही दिवसांत व्हिएइरा बोटीने लिस्बनला निघाला, आदिवासींच्या बाजूने राजाकडे दाद मागायला. अंतोनींचं पादुआतलं काम कुणी पुढे चालवलं असेल तर ते असं.

---

रेवाकाठ

पादुआला जाणं झालं तर अंतोनींच्या बासिलिकातल्या (मोठ्या चर्चमधल्या) मुख्य वेदीवरची शिल्पकार दोनातेल्लोची ब्राँझची चित्रफलकं सावकाश बघा. पंधराव्या शतकाच्या मध्याची आहेत. चार फलकांपैकी एकात कंजूष सावकाराच्या अंत्ययात्रेची कथा आहे. अंतोनी म्हणतात, "याचं काळीज छातीत नाही, तिजोरीत बघा." दोनातेल्लोने मृतदेहाची छाती उघडलेली दाखवलीय आणि भोवती माणसांची दाटी कोंबलीय: कुणी वाकून डोकावतंय, कुणी मागे सरतंय. आणि कडेला लोक पेटी उघडताहेत. उथळ उठावाच्या धातूत अख्खा चौक उभा केलाय. सुपारीबागचा लेख वाचून आता कळतंय, की पादुआकरांना नेमकी हीच कथा का जवळची वाटली असेल.

याच शहरात पुढे रेजिनाल्दो स्क्रोव्हेन्यी नावाचा बडा सावकार झाला. इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात त्या घराण्याची निशाणी गळ्यात अडकवलेला व्याजखोर नरकात बसवलाय, तो हाच. मुलगा एन्रिकोने तेराशेच्या सुमारास चॅपेल बांधलं आणि ते रंगवायला चित्रकार जोत्तोला बोलावलं. तेव्हा अंतोनी जाऊन सत्तर वर्षं झाली होती. म्हणजे सावकारी संपली नव्हती, पण ते पाप आहे ही टोचणी शहराच्या मनातून गेली नव्हती.

---

नभांगण

किती माहिती! तीन भाबडे प्रश्न. माशांचं प्रवचन खरंच झालं होतं का? आणि हरवलेल्या वस्तूंचा संबंध आला कुठून? आणि त्यांच्या भक्तीचा वार मंगळवारच का?

---

सुपारीबाग

नभांगण, भाबडे कसले. मीही यांच्यापासूनच सुरुवात केली होती.

माशांचं प्रवचन १२३२ च्या चरित्रात नाही. रिमिनीचे लोक ऐकेनात म्हणून नदीच्या मुखाशी जाऊन माशांना हाक मारली आणि ते डोकी वर काढून रांगेत उभे राहिले, ही कथा चौदाव्या शतकातल्या फ्रान्सिस्कन कथासंग्रहांत येते. उपाशी खेचराने चारा सोडून पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरीपुढे, गुडघे टेकले, तीही उत्तरकालीन. हातात बाळ येशू असलेली मूर्ती आपण सर्वत्र बघतो, तेही रूप पुढचं आहे. या कथा मला प्रिय आहेत, पण चरित्राचा पाया मी त्यांच्यावर ठेवणार नाही.

हरवलेल्या वस्तूंचं मात्र फार जुनं आहे. एका नवशिक्या बंधूने मठ सोडताना अंतोनींची स्तोत्रसंहिता पळवली आणि त्यांच्या प्रार्थनेनंतर ती आणून दिली, अशी कथा सांगतात. छपाई नसलेल्या काळात ते पुस्तक म्हणजे कडेला स्वतःची टिपणं लिहिलेली, वर्षानुवर्षांची मेहनत. कथा कधीची हे सोडा, पण त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत श्पायरच्या युलियनने रचलेल्या लॅटिन गीतात स्पष्ट आहे, की गमावलेले अवयव आणि हरवलेल्या वस्तू तरुण-म्हातारे सगळेच त्यांच्याकडे मागतात आणि त्यांना त्या मिळतात. त्याच गीतात बेड्या गळून पडतात असंही म्हटलंय. लोकांनी किल्ल्या लक्षात ठेवल्या, बेड्या विसरले.

मंगळवार यासाठी, की त्यांचं दफन मंगळवारी झालं, १७ जूनला. मधले चार दिवस देह कुणाच्या ताब्यात राहावा यावरून पादुआच्या दोन भागांत तंटा चालला होता, हाणामारीपर्यंत गेला होता.

---

नभांगण

मग जिभेचं काय? तिथे जीभ ठेवलीय असं वाचलंय.

---

रेवाकाठ

हो, बासिलिकातल्या अवशेषांच्या चॅपेलमध्ये सोन्याच्या नक्षीदार पात्रात आहे. १२६३ मध्ये नव्या बासिलिकात देह हलवताना शवपेटी उघडली. बोनाव्हेन्तुरा तेव्हा संघाचे प्रमुख होते आणि स्वतः हजर होते. देहाची माती झाली होती, जीभ शाबूत होती. त्यांनी ती हातात घेऊन तिची स्तुती केली, असं सांगतात. १९८१ मध्ये कबर पुन्हा उघडून तज्ज्ञांनी अस्थींची पाहणी केली.

---

ओवीप्रेमी

कर्जाच्या ठरावाबद्दल एक शंका, सुपारीबाग. यात कर्ज माफ होत होतं का? आणि पादुआचे लोक इतकं मानत होते, तर राजकारणातही त्यांचा शब्द चालला असेल?

जाता जाता, वसई किल्ल्यातलं फ्रान्सिस्कनांचं चर्च संत अंतोनींच्याच नावाचं. छप्पर गेलंय, पण जमिनीत पोर्तुगीज कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा ओळीने आहेत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कनच होते, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. किल्ल्यात जाणाऱ्यांनी चिमाजी अप्पांची मोहीम आठवतानाच इथेही जरा थांबावं.

---

सुपारीबाग

ओवीप्रेमी, कर्ज माफ होत नव्हतं. माणसाने आपली मालमत्ता धनकोंच्या हवाली करायची, त्यातून जे वसूल होईल ते होईल. ठरावाने वाचवलं ते माणसाचं शरीर. जामीनदारालाही तेच संरक्षण मिळालं हे महत्त्वाचं, कारण शेजाऱ्यासाठी अंगठा दिलेली गरीब माणसंच त्यात भरडली जात.

राजकारणात मात्र नाही चाललं. त्याच वर्षी ईस्टरनंतर, तब्येत ढासळलेली असताना, ते व्हेरोनाला एत्सेलिनो दा रोमानोकडे गेले. अत्यंत क्रूर म्हणून तो पुढे सगळ्या उत्तर इटलीत कुख्यात झाला. काउंट रिज्जार्दो दी सान बोनिफाचो आणि त्याची माणसं त्याच्या कैदेत होती. अंतोनींनी त्यांच्या सुटकेसाठी परोपरीने विनवलं. पादुआचा इतिहासकार रोलान्दिनो सरळ लिहितो, की काहीही उपयोग झाला नाही, ते रिकाम्या हाताने परतले. नंतरच्या भक्तिकथांत एत्सेलिनो त्यांच्या पायाशी लोळण घेतो वगैरे वाचायला मिळतं. मी रोलान्दिनोवर विश्वास ठेवते. महिन्याभरातच ते वारले, आणि तरी त्या तब्येतीत तो प्रवास त्यांनी केला, तोही कैद्यांसाठीच.

वसई किल्ल्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. थडग्यांच्या शिळांवरचे लेख कुणी वाचून मराठीत आणले असतील तर इथे सांगा.